आजाऱ्यांचं पिंप

काटा पहिल्यांदा खाली आला तेव्हा तराइविनी त्याच्याकडेच बघत होती. बघण्यासारखं दुसरं काही नव्हतं. मांडीवर भावजयीचं डोकं, पाठीला लाँचची ओली फळी आणि समोर इंजिनाच्या पेटीवर तो वाटोळा काचेचा डोळा. तो तिच्या भावानं, रुवेनीनं, स्वतः बसवलेला होता. मुआनालेका गावात दुसऱ्या कुणाच्या इंजिनावर तसला काटा नव्हता. टाकीतलं डिझेल किती जोरानं इंजिनाकडे जातंय ते त्यावर कळतं, एवढं तिलाही ठाऊक होतं. हिरव्या पट्ट्यात असला की सगळं ठीक. आता तो पट्ट्यातून निसटला, थरथरला, परत वर गेला आणि मग पेंग आलेल्या म्हाताऱ्याच्या मानेसारखा हळूहळू झुकला.

काय झालंय ते लाँचवरच्या चौघांत फक्त तिला कळलं होतं.

इंजिन दोनदा ठसकलं आणि बंद पडलं. एकदम वाऱ्याचा आवाज मोठा झाला. ऑगस्टचा, म्हणजे आपल्याकडच्या ऐन हिवाळ्यातला आग्नेयेचा वारा तो, तीन दिवस सारखा वाहत होता आणि आपल्या बेटांवर अंगात भरते तेवढी सगळी थंडी घेऊन आला होता. लाँच लाटेला आडवी झाली.

सुकाणूवर तराइविनीचा नवरा विलिकेसा होता. तो म्हणाला, "मेव्हण्या, आज तुझ्या घरातलं सगळंच एकदम आजारी पडलं का रे?"

रुवेनीनं पेटीचं झाकण उचललं आणि डोकं आत घातलं.

मांडीवरच्या आसेनाथाला पहाटे मुलगा झाला होता. मूल चांगलं होतं, ओरडलंही जोरात. पण वार पडली नाही. सुईण म्हातारीनं पोट चोळलं, पाला उकळून पाजला, देवाला आळवलं. रक्त थांबेना. गावाची नर्स त्या आठवड्यात शेजारच्या बेटावर लस टोचायला गेलेली. शेवटी म्हातारीनं हात धुतले आणि रुवेनीला सांगितलं, "माझं काम संपलं बाबा. हिला लाकेंबाच्या दवाखान्यात ने. उजाडायच्या आत नीघ." बाळाला आजीपाशी ठेवलं आणि लाँच काढली. वारा असला तरी दुपारच्या आत लाकेंबा गाठता येतं. इंजिन चालत राहिलं पाहिजे, एवढंच.

खरं तर रुवेनी आणि तराइविनी एका लाँचवर बसायचीच नाहीत. ती त्याची थोरली बहीण. ती न्हाती झाली त्या दिवसापासून दोघांतलं बोलणं संपलं. आपल्याकडे सगळ्याच भावाबहिणींचं तसं असतं, ते काही भांडण नव्हे, तो मान. रुवेनी तिच्या घरावरून जायचा तेव्हा फणसाच्या झाडापाशी खाकरायचा, म्हणजे तिनं आत व्हावं. काही सांगायचं असलं तर तिसऱ्याच्या तोंडून सांगायचं. पण समुद्रावरून आला की पहिला मासा, जाळ्यातला सगळ्यांत मोठा, तिच्या उंबऱ्यावर कुणा पोराच्या हातून यायचाच. आज आसेनाथाला धरून बसायला घरची बाई हवी होती, म्हणून इलाज नव्हता. रुवेनी निघाल्यापासून तिच्याकडे पाठ करूनच वावरत होता.

त्या पाठीकडे बघत ती बसली आणि तिला पिंप आठवायला लागलं.

आजाऱ्यांचं पिंप म्हणत त्याला. सगळ्या गावानं मिळून भरलेलं डिझेल. कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं तरच उघडायचं, एरवी मुखियाच्या पोराच्या लग्नालासुद्धा नाही. ते रुवेनीच्या पडवीत असायचं, कारण इंजिन त्याच्या हाती. झाकणाला सुंभ बांधून तो वर गाठ मारायचा. ती गाठ त्याला बापानं शिकवलेली. बापानं ती दोघांना शिकवली होती, हे मात्र कुणाच्या ध्यानात राहिलं नव्हतं.

फेब्रुवारीत तिचा मुलगा इसोआ समुद्रकाकड्या, समुद्राच्या तळावरचे ते काकडीएवढे जीव, काढायला जायचा होता. त्या विकत घेणारा व्यापारी आलेला, बोटी बाहेरच्या पोवळ्याच्या खडकांपर्यंत जात होत्या, आणि इसोआपाशी डिझेल नव्हतं. तो मामाच्या पडवीतून घेऊन आला. मामा मळ्यात होता. आता भाच्यानं मामाचं काहीही उचलावं, डुक्कर न्यावं, होडी न्यावी, मामानं हूं की चूं करू नये, हा आपला जुना कायदा. तराइविनीनं विचारलं तेव्हा इसोआ हसून म्हणाला, "मामाच्या दारात आहे म्हणजे मामाचंच की. मालाची बोट आली की भरून ठेवतो." पण पिंप मामाचं नव्हतं. ते गावाचं होतं, मामा नुसता राखणदार. भाचा गेला तो गेला. काकड्यांचे पैसे घेऊन तो तसाच राजधानीला, सुवाला गेला आणि तिकडेच कुठल्याशा गोदीत कामाला लागला.

एके दुपारी भावाच्या घरी कुणी नाही असं बघून ती पडवीत गेली आणि तिनं पिंप बोटानं वाजवलं. पोकळ आवाज आला. अर्ध्याहून खाली. आता उद्या कुणी आजारी पडलं, पिंप उघडलं, तर सगळं गाव रुवेनीच्या तोंडाकडे बघणार. राखणदारानंच खाल्लं म्हणणार. आणि भाच्याचं नाव तो घेणार नाही, मरेल पण घेणार नाही, कारण भाच्यावर मामानं बोट दाखवायचं नसतं. हे तिला स्वतःच्या नावाइतकं ठाऊक होतं.

घरात तिनं गाळलेलं खोबरेल होतं, डबेच्या डबे. उन्हाळा होता. तेल पाण्यासारखं पातळ आणि स्वच्छ होतं. गावात जनित्राला लोक खोबरेल घालतच, पलीकडच्या बेटावर एक ट्रक तर नुसत्या खोबरेलावर चालते असं ऐकलेलं. एकटा रुवेनी तेवढा आपल्या इंजिनाला ते लावू द्यायचा नाही. तिनं गाठ सोडली, तेल ओतलं, गाठ मारली. पिंप वाजवून बघितलं, भरल्यासारखं वाजलं. बोट आली की खरं डिझेल आणून घालू, असं तिनं ठरवलं होतं. बोट आली, डिझेल मागवायचं राहिलं. पुढच्या बोटीला बघू. गावात कुणी आजारी पडलं नाही, म्हणून पिंप कुणी उघडलं नाही आणि तिचीही टोचणी हळूहळू बोथट झाली.

थंडीत खोबरेल थिजतं हे कुठल्या बाईला सांगायला लागतं? केसांना लावायची बाटली ऑगस्टात चुलीपाशी ठेवायची, हे ती पोरपणापासून करत आलेली. पण ओतताना ऑगस्ट तिच्या मनात नव्हता. पडवीत पिंपाला वारा लागत नव्हता, म्हणून पहाटे त्यातून टाकी भरली तेव्हा ते पातळच होतं आणि अंधारात कुणाला काही दिसलं नाही. नळ्यांत आधीचं चांगलं डिझेल होतं, त्यावर लाँच झोकात निघाली. आता लाँचच्या उघड्यावरच्या टाकीवर वारा बसला होता, वरून लाटांचं पाणी उडत होतं.

रुवेनी क्रमानं चालला होता. पहिल्यांदा त्यानं टाकीच्या श्वासाची नळी फुंकून बघितली. टाकीत हवा शिरली नाही तर डिझेल पुढे सरकत नाही. नळी मोकळी होती. मग त्यानं फिल्टर उघडला. आतल्या कागदावर पांढरा राप बसला होता.

"पाणी," तो विलिकेसाला म्हणाला. "डिझेलात पाणी गेलंय. पिंपाला कुठंतरी गंज लागला असणार."

तो राप त्यानं चिंधीनं पुसून समुद्रात टाकला. फिल्टरखालच्या काचेच्या वाटीतलं पाणी काढून टाकायला तोटी सोडली. पाण्याचा थेंब आला नाही. त्याच्या कपाळावर आठी आली, पण थांबायला वेळ कुठला? नवा फिल्टर बसवला, हाताच्या पंपानं डिझेल वर ओढलं, नळ्यांतली हवा काढली आणि इंजिन चालू केलं. काटा वर गेला. तराइविनीनं देवाचं नाव घेतलं. थोड्या वेळानं काटा परत झुकायला लागला.

दुसऱ्या वेळी रुवेनीनं ठरवलं की कुठल्यातरी सांध्यातून नळी हवा ओढतेय. त्यानं साबणाचा फेस करून एकेका सांध्याला लावला, बुडबुडा कुठं येतो बघितलं. सगळे सांधे आवळले. परत हवा काढली. इंजिन चाललं, परत मेलं. नवा फिल्टरही पांढरा झाला होता. राखीव फिल्टर संपले. त्यानं जुना धुऊन बसवला.

ऊन वर आलं, पण ढगातून. लाँच वाऱ्याबरोबर उलटी सरकत होती. जेवढं अंतर कापलं होतं त्यातलं किती परत गेलं ते विलिकेसानं बेटाच्या डोंगराकडे बघून ओळखलं. रेडिओवर नुसती खरखर होती.

आसेनाथाखालची चटई बदलायला लागली. तराइविनीनं आपली ओढणीही घडी करून तिच्या पायांत घातली. आसेनाथाचे ओठ भाजलेल्या कसाव्याच्या कंदाच्या सालीसारखे झाले होते. नणंद-भावजयीत थट्टेचं नातं, म्हणून आसेनाथानं त्यातही विचारलं, "वन्सं, तुमच्या भावाला इंजिन जास्त आवडतं का मी?"

"इंजिन," तराइविनी म्हणाली. "तू तेलपाणी फार खातेस."

असं बोलून गेली आणि तिची नजर टाकीकडे गेली.

आता रुवेनीनं पंपच खोलायला घेतला होता. डिझेल ओढणारा छोटा पंप, त्यात एक रबरी पडदा असतो, तो फाटला की दाब मरतो. पडदा काढायचा म्हणजे बारीक बारीक स्क्रू, आणि लाँच लाटेवर नाचतेय. एक स्क्रू निसटून तळाच्या काळ्या पाण्यात गेला. तो ओणवा होऊन चाचपडत शोधत राहिला. त्याची पाठ, त्याचे तेलकट पाय, टाचेला पडलेली चीर. हा पायाला काटा टोचला तर लहानपणी तिच्याकडेच यायचा.

तिनं आसेनाथाचं डोकं हळूच चटईच्या गुंडाळीवर ठेवलं आणि सरकत सरकत नवऱ्याजवळ गेली. कानाला तोंड लावून तिनं सगळं सांगितलं. इसोआ, पिंप, डबे, गाठ. विलिकेसाचं तोंड उघडं राहिलं. तिनं म्हटलं, तू सांग. माझं नाव घेऊन सांग, पण आत्ता सांग.

आणि इथंच सगळं फसलं.

मेव्हण्यामेव्हण्यांत आपल्याकडे खरं बोलायची रीतच नाही. भेटले की एकमेकांची उडवायची, एकमेकांना फसवायचं, आणि फसला त्यानं हसायचं. विलिकेसा तर त्यात गावाचा उस्ताद. एकदा त्यानं रुवेनीचं डुक्कर मेलं म्हणून त्याला मळ्यातून पळत आणलं होतं. आणि त्याची सगळ्यांत जुनी थट्टा होती खोबरेलाची. रुवेनी इंजिनाला दुसरं काही पाजत नाही म्हणून गेली कितीतरी वर्षं हा त्याला चिडवायचा, की बिचाऱ्याला जरा खोबरेल पाज, घामाला तरी सुवास येईल.

"मेव्हण्या," तो म्हणाला, "हात थांबव. तुझ्या टाकीत खोबरेल आहे."

रुवेनीनं मान वर केली नाही. "हो. आणि तुझ्या डोक्यात कसावा."

"नाही, खरंच सांगतोय."

"डुक्कर मेलं तेव्हाही खरंच होतं."

"अरे, पंपाला काही झालेलं नाही. तराइविनीनं ओतलंय, पिंपात."

रुवेनी उठून बसला. त्याचा चेहरा असा कधी झालेला विलिकेसानं बघितला नव्हता. भावासमोर बहिणीचं नाव थट्टेत घ्यायचं नसतं. सगळ्या थट्टेत तेवढी एक गोष्ट वर्ज्य.

"दाजी," तो अगदी हळू म्हणाला, "माझी बायको मरायला लागलीय. आज नको. आणि माझ्या बहिणीचं नाव घेऊन तर कधीच नको. अजून एक शब्द काढलास तर तुला लाँचवरून ढकलीन आणि घरी जाऊन सांगीन की पडला."

शपथ घ्यावी, तर शपथाही विलिकेसानं रग्गड घेतल्या होत्या, सगळ्या थट्टेत. त्यानं बायकोकडे बघितलं, त्याचे डोळे भरून आले होते. रुवेनीनं परत पाठ केली आणि पडद्याचे स्क्रू आवळायला घेतले.

तराइविनी परत जागेवर आली. आसेनाथाचं डोकं मांडीवर घेतलं. ते मघापेक्षा गार लागलं.

"खरं का, वन्सं?" आसेनाथानं विचारलं. तिनं सगळं ऐकलं होतं.

तराइविनीनं हो म्हणून मान हलवली.

"मग त्याला सांगा."

"मी कशी सांगू? मी..."

"मला का सांगताय? मी काय इंजिन दुरुस्त करणार आहे?" तिला दम लागला. थांबून म्हणाली, "त्याला सांगा."

पंप बसला होता. रुवेनीनं इंजिन चालू केलं. काटा वर गेला, हिरव्या पट्ट्याला टेकला आणि तिथून घसरला. इंजिन मेलं तेव्हा रुवेनीनं दोन्ही हात पेटीच्या कडेवर ठेवले आणि मान खाली घातली. त्याच्यापाशी आता उघडायला काही उरलं नव्हतं. तरी थोड्या वेळानं त्यानं पाना उचलला आणि परत तोच पंप सोडायला लागला.

"रुवेनी," तराइविनी म्हणाली.

त्याचा हात थांबला.

"पंपाला काही झालेलं नाही. पिंपात मी खोबरेल ओतलं. डिझेल इसोआनं नेलं होतं, तुझ्यावर येऊ नये म्हणून मी ओतलं. ते थिजलंय टाकीत."

लहानपणानंतर तिनं त्याचं नाव त्याच्यादेखत पहिल्यांदा घेतलं होतं. तिचा स्वतःचाच आवाज तिला परका वाटला. विलिकेसा समुद्राकडे बघू लागला, जसं उघड्या माणसाकडून नजर काढून घेतात तसं.

रुवेनी वळला नाही. फिल्टरवरचा पांढरा राप त्यानं बोटावर घेतला. दोन्ही तळव्यांत चोळला. पाणी मिसळलेलं डिझेल चोळलं तर तसंच राहतं. हे विरघळलं, आणि तळवे तेलानं चमकायला लागले. त्यानं ते नाकाशी नेले. सकाळपासून डिझेलानं त्याचं नाक मेलं होतं, तरी आता वास आला असावा, कारण त्यानं हात विजारीला पुसले. मग म्हणाला, "दाजी, स्टोव्ह पेटव."

पुढचं सगळं त्यानं इतक्या झपाट्यानं केलं की बघवत नव्हतं. चहाच्या मोठ्या पातेल्यात टाकीतलं काढलं, तळाशी पांढरी गठळी. स्टोव्हवर कोमट करताच पातळ झालं. कंदिलातलं सगळं रॉकेल त्यात ओतलं. आपला सदरा फाडून त्यातून गाळलं आणि रिकाम्या डब्यात भरलं. डबा छपराच्या दांडीला, इंजिनाच्या वर टांगला, म्हणजे पंपानं ओढायची फार गरज नको. नळी तापलेल्या धुराड्याला वेढे देऊन आणली. हवा काढली. चालू केलं.

काटा हिरव्या पट्ट्यात गेला आणि तिथंच राहिला.

विलिकेसानं सुकाणू फिरवलं. लाँचनं लाटेला नाक लावलं. रुवेनी पातेल्यामागून पातेलं कोमट करून वर ओतत होता, हात भाजत होते, आणि सबंध वेळ पाठ बहिणीकडे. एवढंच काम होतं. पहिल्यांदा काटा झुकला तेव्हाच करता आलं असतं. तिघांनाही ते ठाऊक होतं.

आसेनाथा इंजिनाचा आवाज ऐकत होती. मध्येच तिनं डोळे उघडले. "वन्सं," ती म्हणाली. तराइविनी वाकली. "पोराचं अंग चोळायला काही ठेवलंय का? की सगळं तेल इंजिनालाच पाजलंत?"

ती हसायला बघत होती. तराइविनीनं तिच्या गालाला गाल लावला आणि सांगितलं की ठेवलंय, पुष्कळ ठेवलंय.

लाकेंबाचा डोंगर स्पष्ट झाला, त्यावरची माडांची रांग दिसायला लागली. पोवळ्याच्या खडकांतल्या वाटेशी फेसाळलेलं पांढरं पाणीही दिसलं. तेव्हा मांडीवरचं डोकं जड झालं. कसं जड होतं ते ज्यानं मांडीवर घेतलंय त्यालाच कळतं. तराइविनीनं बराच वेळ हात तिच्या छातीवर ठेवला. तिला भावाला सांगायचं होतं. पण तिच्यापाशी जो एक शब्द होता तो ती खर्चून बसली होती. तिनं नवऱ्याकडे बघितलं. विलिकेसाच्या तोंडावरून रुवेनीला कळलं.

त्यानं इंजिन मंद केलं नाही. हातातलं पातेलं डब्यात ओतलं, काट्याकडे बघितलं, आणि दुसरं पातेलं स्टोव्हवर ठेवलं. धक्क्याला लागेपर्यंत तो तेच करत राहिला. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई धक्क्यापर्यंत धावत आल्या होत्या. त्यांनी तपासलं आणि म्हणाल्या की थोडं आधी आणलं असतं तर कदाचित. त्या कदाचितच म्हणाल्या.

गावात आणल्यावर बायकांनी तिला धुतलं. अंगाला सुगंधी खोबरेल लावायचं असतं, आणि पहिला हात नणंदेचा. बाटली उघडली तर तेल आत दगडासारखं. कुणीतरी चुलीशी धरून ते पातळ केलं आणि तराइविनीच्या ओंजळीत ओतलं. ती आसेनाथाच्या पोटावरून, पायांवरून हात फिरवत राहिली. बायका म्हणाल्या, पुरे आता. तरी फिरवत राहिली.

चौथ्या दिवशी मुखियाच्या घरी पुरुष मुळं कुटून केलेला कावा प्यायला बसले. म्हाताऱ्यांनी रुवेनीला विचारलं की लाँचवर काय झालं. बायका भिंतीकडेला बसल्या होत्या, तराइविनी त्यांच्यात होती. तिला वाटलं, आता तो सांगेल. मनातून तिला तेच हवं होतं.

"पंपाचा पडदा फाटला," रुवेनी म्हणाला. "जुना झाला होता. मीच बदलायला हवा होता, राहून गेलं."

म्हाताऱ्यांतल्या एकानं वाडगा पुढे केला. पिंप राखायचं काम त्या दिवशी रुवेनीकडून काढून दुसऱ्याला दिलं, रागानं नाही, दुःखातल्या माणसावर ओझं नको म्हणून. पण काढलं ते काढलंच. गावाचा भावावरचा जो विश्वास वाचवायला तिनं ते तेल ओतलं होतं, तो तिच्या डोळ्यांदेखत गेला.

घरी आल्यावर तिनं पेटी उघडून व्हेलचा दात काढला. बापानं तिला सासरी जाताना दिलेला, जुना, पिवळा पडलेला. मोठा अपराध झाला की असा दात पुढे ठेवून माफी मागतात, आणि ज्यानं तो हातात घेतला त्याला मग राग धरता येत नाही. तिनं तो नवऱ्यापुढे ठेवला.

"घेऊन जा त्याच्याकडे."

लाँचवरून आल्यापासून विलिकेसानं कुणाची थट्टा केली नव्हती.

"काय म्हणून ठेवू?" तो म्हणाला. "चारचौघांत ठेवायचा असतो हा. कशाची माफी ते मोठ्यानं म्हणायचं असतं. त्यानं सगळ्या गावासमोर पडदा फाटला म्हणून सांगितलंय. आता मी उठून खरं सांगू आणि त्याला खोटा पाडू?"

तिनं दात परत कापडात गुंडाळला.

शंभर रात्री झाल्या, सुतक उतरलं, सुतकात बंद ठेवलेला समुद्र कोळ्यांना मोकळा झाला. रुवेनी परत मासेमारीला जाऊ लागला. पहिला मासा अजूनही तिच्या उंबऱ्यावर येतो, सगळ्यांत मोठा, खवले काढलेला. रीत त्यानं सोडलेली नाही. तिनं बाळासाठी पाठवलेली तेलाची बाटली आजीच्या फळीवर आहे. ती परत आली नाही, आणि उघडलेली कुणी बघितलीही नाही.

पण फणसाच्या झाडापाशी खाकरणं थांबलं. पहिले काही दिवस ती संध्याकाळी कान देऊन दारात उभी राहायची, की खाकरलं की आत होऊ. मग एकदा तिला तो ओहोटीच्या वेळी खालच्या चिखलातून जाताना दिसला, विजार गुडघ्यापर्यंत वर करून, जाळं खांद्यावर. केवढा मोठा वळसा. आता तो रोज तिकडूनच जातो, भरती असली तर कमरेइतक्या पाण्यातून.

गावात हे लवकरच सगळ्यांच्या ध्यानात आलं. परवा चटया विणायला बायका जमल्या होत्या, त्यात सुईण म्हातारी तरण्या पोरींना बोल लावत होती, की हल्लीचे भाऊ बहिणींसमोर फोनवर काय वाटेल ते बोलतात, कुणाला लाज उरली नाही.

"त्या रुवेनीला बघा," म्हातारी म्हणाली. "बहिणीच्या दारावरूनसुद्धा जात नाही. चिखल तुडवत जातो. एवढा मान ठेवणारा भाऊ आता बघायला मिळायचा नाही."

पोरींनी तराइविनीकडे बघितलं. ती खोबरं खवत होती. तिनं मान डोलावली आणि खवत राहिली.